फोकसरावांच्या लेन्सचा विमा

"विमा उतरवल्याशिवाय ती लेन्स या घराचा उंबरा ओलांडणार नाही," असं बायकोनं मंगळवारी सकाळी जाहीर केलं तेव्हा फोकसरावांच्या तोंडात टूथब्रश होता. त्यामुळे त्यांना आपली बाजू मांडता आली नाही. संसारात एकदा बाजू मांडायची राहिली की राहिलीच. ते तोंड धुऊन बाहेर आले तोवर ठराव एकमतानं मंजूर होऊन बायको कामावर निघूनही गेली होती.

फोकसराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. फोटो काढताना ते फोकस जुळवायला इतका वेळ लावत की नातेवाइकांनी वैतागून हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. एकदा एका म्हाताऱ्या मामांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला त्यांनी सगळ्यांना ओळीनं उभं करून "हलू नका, हलू नका" असा घोष लावला. शेवटी मामाच म्हणाले, "मी आत जाऊन पडतो. शहात्तरावं लागलं की हाक मार." पण फोकसराव अशा टोमण्यांनी खचणारे नव्हते. बावीस वर्षं ते एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत लोकांचे डोळे तपासत होते. दिवसभर "हे स्पष्ट दिसतं की हे?" विचारणाऱ्या माणसाला अस्पष्ट गोष्टींचा राग येणारच.

आता ती लेन्स. आकारानं तान्ह्या मुलाएवढी, आणि तितक्याच काळजीनं दोन्ही हातांत धरायची. दूरच्या पक्ष्याचं पीस न् पीस मोजता यावं अशी. स्वयंपाकघराचा ओटा नवा करायला साठवलेल्या पैशांतून ती आली होती. हा त्याग बायकोनं आपणहून केला होता, आणि आपणहून केलेल्या त्यागाची आठवण महिन्यातून दोनदा तरी निघते, हा जगाचा नियम आहे. बायको वाचनालयात कामाला. नेलेली वस्तू नेली तशी परत आलीच पाहिजे, पान दुमडलेलं चालणार नाही, हा तिचा बाणा. आणि आधीची लेन्स तर परतच आली नव्हती. खंड्याचा फोटो काढताना फोकसराव पुलाच्या कठड्यावरून जरा जास्तच वाकले आणि लेन्स नदीत गेली. खंड्या जागचा हललासुद्धा नाही.

त्यामुळे नवी लेन्स आठ महिने कपाटात होती. रविवारी सकाळी ती बाहेर काढून, फुंकर मारून, पुसून फोकसराव परत ठेवून देत. पण येत्या रविवारची गोष्ट वेगळी होती. गावाबाहेरच्या तळ्यावर करकोचे उतरले होते. दूर देशाला जाता जाता हे पक्षी दहाबारा दिवस तिथं टेकतात आणि मग वर्षभर दर्शन नाही. छायाचित्र मंडळाची बस रविवारी पहाटे साडेचारला निघणार होती. फोकसरावांनी लेन्स घेतली होती ती या करकोच्यांसाठीच. ही बस चुकली की पुढचं वर्ष. आणि चाळिशी उलटलेल्या माणसाला पुढचं वर्ष हा शब्द फारसा आवडत नाही.

हाताशी पाच दिवस होते. पाच दिवसांत काय, विमा उतरवता येत नाही? फोकसरावांना वाटलं, येतो. बिचारे.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. शेजारचे निवृत्त कंपाउंडर जिन्यातच भेटले. "विमा कसला उतरवताय?" ते म्हणाले. "बाजारची पिशवी घ्या. खाली लेन्स, वर कांदे. कांदे कोण चोरतंय?"

"अहो, पण पडली तर?"

"कांद्यांवर पडेल ना!"

खाली लेन्स आणि वर कांदे असताना लेन्स कांद्यांवर कशी पडेल, हे विचारायचं फोकसरावांच्या ओठांवर आलं होतं. पण कंपाउंडरांनी आयुष्यभर लोकांना औषधं दिली होती आणि आता उरलेला सल्ला ते फुकट वाटत होते. उलट विचारलं तर डोस वाढायचा.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत फोकसरावांनी विमा कंपन्यांना फोन लावले. पहिल्या ठिकाणी एका मुलीनं फार गोड आवाजात विचारलं, "कॅमेरा व्यावसायिक आहे की घरगुती?"

"छंदाचा आहे."

"सर, छंद असा पर्याय इथं नाहीये. व्यावसायिक की घरगुती?"

व्यावसायिक म्हटलं तर धंद्याचा परवाना हवा होता, आणि हप्ता असा की दोन वर्षांत त्यात दुसरी लेन्स आली असती. घरगुती म्हटलं तर हप्ता अगदी चहापाण्याइतका. फोकसरावांचा जीव भांड्यात पडला. पण पडला तसाच बाहेर आला, कारण मुलगी पुढं म्हणाली, "यात फ्रीज, मिक्सर, कॅमेरा सगळं येतं. फक्त वस्तू घराबाहेर न्यायची नाही."

"अहो, फ्रीज कोण बाहेर नेतं? पण कॅमेरा बाहेर न्यायलाच असतो."

"सर, आपण घरातच फोटो काढू शकता ना," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजातला गोडवा जराही कमी झाला नव्हता.

दुसऱ्या कंपनीनं विचारलं, "आपण फोटोंचं काय करता?" फोकसराव म्हणाले, "बघतो." यावर पलीकडच्यानं हा रकाना कोराच ठेवायचा का, असं विचारलं. तिसऱ्या कंपनीनं फोनवर गाणं लावून ठेवलं ते सुट्टी संपेपर्यंत.

संध्याकाळी मेहुणा आला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. जगातल्या प्रत्येक कचेरीत त्याच्या ओळखीचा एक माणूस असे आणि त्या माणसाला मेहुण्याची ओळख कधीच नसे. "भावोजी, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" तो म्हणाला. जुन्या बाजारामागं तिसऱ्या मजल्यावर एक जुनी विमा कंपनी होती. "तिथले साहेब म्हणजे आपलेच. एका बाकावर बसलोय आम्ही." हा बाक शाळेतला असावा असं फोकसरावांना वाटलं. तो बसथांब्यावरचा होता, हे नंतर कळलं.

गुरुवारी सकाळी दुकानातून दोन तासांची सवलत घेऊन ते तिथं पोचले. साहेब पन्नाशीचे, उंच, शांत, नाकावर जुना चष्मा, चेहऱ्यावर कायम थोडी खिन्नता. टेबलावर काच, काचेखाली मुलीचा फोटो, बाजूला नियमांचं जाडजूड बाड. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. या तीन दिवसांत कुणी पूर्ण ऐकून घेतलं ते पहिल्यांदाच, त्यामुळे फोकसरावांना भरूनच आलं.

"होईल," साहेब म्हणाले. "व्यावसायिक दरानंच करावं लागेल, पण थोडी सूट देता येईल. वस्तूचा फोटो द्या. लेन्सवर कंपनीनं कोरलेला नंबर त्यात स्पष्ट दिसला पाहिजे. आणि घरात वस्तू भक्कम कुलपात असली पाहिजे. शनिवारी दुपारी एकला कचेरी बंद होते, तोवर कागद आले तर पॉलिसी हातात."

सूट धरूनही आकडा छातीवर बसणारा होता. पण करकोचे डोळ्यांसमोर उभे होते. फोकसराव हो म्हणाले.

आता, फोटो मागितला कुणाकडं? फोकसरावांकडं! खिडकीतून येणारं तिरपं ऊन, खाली काळं मखमली कापड, मागं पडद्याच्या मऊ चुण्या. आपल्या कॅमेऱ्याची एकुलती लेन्स तीच, म्हणून त्यांनी मित्राकडून कॅमेरा उसना आणला आणि दीड तास खपून लेन्सचं असं रूप टिपलं की एखाद्या राणीचं टिपावं. समोरच्या काचेत निळसर चमक, आणि मग हळूहळू सगळं धुक्यात विरत गेलेलं. छायाचित्र मंडळात अशा फोटोला लोक उभं राहून दाद देतात. नंबर कोरलेला होता तो मागच्या बाजूला, धुक्यात.

साहेबांनी फोटो हातात घेतला. "अंधुक आहे," ते म्हणाले.

बावीस वर्षं स्पष्टतेच्या धंद्यात घालवलेल्या माणसाला तोंडावर अंधुक म्हणणं म्हणजे आचाऱ्याला आळणी म्हणण्यासारखं आहे. जिना उतरताना फोकसरावांचे कान लाल झाले होते. दुपारी त्यांनी दुसरा फोटो काढला. पांढरा कागद, सरळ उजेड, नंबर लख्ख. कलेचा लवलेश नाही. असला फोटो आपल्या हातून निघाला हे मंडळात कुणाला कळू नये, म्हणून पाकिटात घालून नेला.

साहेबांनी तो हात लांब करून पाहिला, जवळ आणून पाहिला, मान तिरकी करून पाहिला. "मघापेक्षा बरा आहे," ते हळहळून म्हणाले. "पण नंबर लागत नाही हो. हा आठ आहे की तीन? मी चुकीचा नंबर लिहिला तर उद्या तुम्हालाच त्रास. जरा स्पष्ट आणा."

 दोष आपल्या हाताचा की डोळ्याचा? घरी आल्यावर त्यांनी स्वतःच स्वतःचा नंबर तपासला. ठीक होता.

तिकडं कुलपाचं काम मेहुण्यानं अंगावर घेतलं होतं. "किल्लीचं कुलूप हवंच कशाला? किल्ली हरवते," असं म्हणून त्यानं आकड्यांचं कुलूप आणलं. चार आकडे जुळवले की उघडणारं, काळं, बोटाएवढ्या जाड कडीचं. कपाटात लेन्स ठेवली, कुलूप खट्कन बसलं, मेहुण्यानं आकडे फिरवून टाकले आणि हात झटकले.

"आकडा काय ठेवलास?" फोकसरावांनी विचारलं.

"कधीच विसरणार नाही असा. माझ्या लग्नाची तारीख."

"मग उघड बरं एकदा."

मेहुणा कुलपापाशी बसला. एक तारीख लावून पाहिली. मग दुसरी. मग त्यानं डोळे मिटून थोडा विचार केला आणि महिना बदलून पाहिला. त्याच्या कपाळावर घाम जमायला लागला तेव्हा फोकसराव त्याच्याजवळ उकिडवे बसले.

"अरे, बायकोला फोन करून विचार ना."

"वेड लागलंय का भावोजी? काय विचारू? आपलं लग्न कधी झालं?" मेहुणा कळवळून म्हणाला. "ताई, तुला आठवत असेल ना गं?"

"मला आठवतंय," बायको म्हणाली. "आणि तू इथं बसून काय केलंस, तेसुद्धा तुझ्या बायकोला सांगताना आठवेल." बायकोनं सांगितलेली तारीखही लागली नाही. याचा अर्थ मेहुण्यानं कुलूप लावतानाच चुकीची तारीख लावली होती, आणि ती कुठली हे आता त्यालाही ठाऊक नव्हतं. त्यानं पाण्याचा ग्लास संपवला आणि एक काम आठवल्यासारखं करून तो निघून गेला.

शुक्रवारी सुतार आला. त्यानं कुलूप पाहिलं, वा वा म्हटलं, कपाट भिंतीपासून हातभर पुढं ओढलं, मागं गेला आणि दोन मिनिटांत पाठीची फळी काढून लेन्स फोकसरावांच्या हातात दिली. "कुलूप फार चांगलं आहे," तो म्हणाला. "पाठीला मात्र चारच खिळे होते." आठ महिने ती लेन्स चार खिळ्यांच्या भरवशावर होती, या विचारानं फोकसराव खुर्चीत बसले. सुतारानं मग पाठीला स्क्रू मारले, जुन्या पद्धतीचं किल्लीचं कुलूप बसवलं आणि जाताना आकड्यांचं कुलूप कापून आठवण म्हणून घेऊन गेला.

बायको हे सगळं शांतपणे पाहत होती. "राहू दे ना आता," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी येतीलच की ते पक्षी."

"मी आठ महिने वाट बघतोय," फोकसराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा कापला. मग त्यांनी खाकरल्यासारखं केलं, पण बायकोच्या लक्षात यायचं ते आलं होतं. 

संध्याकाळी त्यांनी तिसरा फोटो काढला आणि छापणाऱ्याकडून तो वर्तमानपत्राएवढा मोठा करून घेतला. त्यावर नंबराचा एकेक आकडा पेरूएवढा होता. आता नाही म्हणून दाखवा!

शनिवारी सकाळी अकराला ती गुंडाळी काखेत मारून फोकसराव तिसऱ्या मजल्यावर हजर झाले. साहेबांनी गुंडाळी उलगडली, दोन्ही हात ताणून लांब धरली, खुर्ची मागं सरकवली, तरी पुरेना म्हणून भिंतीला पाठ टेकली. "आठ!" ते एकदम म्हणाले. "आठच आहे! आज छान दिसतंय." आणि हसत हसत अर्जात नंबर लिहायला वाकले. लिहिताना अर्ज त्यांनी टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला सरकवला, हात लांब करून अंदाजानं पेन टेकवलं, आणि आकडे रकान्याच्या वरच्या ओळीत पडले.

फोकसराव ते पाहत राहिले. गेले तीन दिवस आपण कुणासमोर बसलोय, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. असली माणसं ते रोज पाहत होते, फक्त ती दुकानाच्या खुर्चीत बसलेली असत. कचेरीच्या खुर्चीत बसलेला माणूस साहेब दिसतो, गिऱ्हाईक दिसत नाही.

"साहेब, राग मानू नका," ते म्हणाले, "हा चष्मा कधीचा?"

"दहा वर्षं झाली. माझा नंबर बदलतच नाही."

"लांबचा नसेल बदलला. जवळचा लागलाय. चाळिशी म्हणतात ना, ती."

"मी त्रेपन्न वर्षांचा आहे."

"मग तेरा वर्षं उशिरा आली, नशीबवान आहात," फोकसराव म्हणाले आणि उठले. घड्याळात साडेअकरा. दुकान दोन गल्ल्या सोडून. मालक जेवायला गेलेले. फोकसरावांनी तपासणीची गोल फ्रेम आणि भिंगांची पेटी उचलली आणि धापा टाकत तीन जिने चढून परत आले. साहेबांच्या नाकावर ती जड फ्रेम बसवली, एक भिंग सरकवलं, काढलं, दुसरं सरकवलं. "हे स्पष्ट की हे?"

 साहेब टेबलावरच्या काचेकडं बघत होते. मग काचेवर वाकले, आणखी वाकले.

"हिच्या गालावर खळी आहे हो," ते म्हणाले.

मुलगी दोन वर्षांपूर्वी शिकायला परगावी गेली होती. फोटो तिनं तिथून धाडलेला. साहेब रोज त्याच्यासमोर बसत होते आणि नीट दिसत नाही हे कुणाला सांगत नव्हते. कारण पॉलिसीची बारीक अक्षरं वाचणं हीच त्यांची नोकरी. खरं तर गेली कित्येक वर्षं ते कागद वाचत नव्हते, नुसते ओळखत होते. कोपऱ्यात टंकलेखन करणाऱ्या बाईंनी टायपिंग थांबवलं होतं. फोकसराव खिडकीबाहेर बघत राहिले.

मग साहेबांनी नाक ओढलं, फ्रेम सारखी केली आणि नियमांचं बाड पुढं ओढलं. भुकेल्या माणसानं ताटावर बसावं तसे ते त्या बाडावर बसले. पान उलटत होते आणि मध्येच "अरे!" म्हणत होते. "अरे, हे असं आहे होय!" मधल्या काळात आपण कशाकशावर शिक्के मारले, हे त्यांना बहुधा आत्ताच कळत होतं. बारा वाजून दहा मिनिटांनी त्यांचं बोट एका पानाच्या अगदी तळाशी थांबलं. तिथं मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एक ओळ होती.

"'उपजीविकेसाठी न वापरल्या जाणाऱ्या छंदाच्या साधनांस,'" साहेबांनी खणखणीत आवाजात वाचलं, "'व्यावसायिक दराच्या एक अष्टमांश दर लागू राहील. घराबाहेरील वापर समाविष्ट.'"

 फोकसरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. छंद! पर्याय होता! कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी खुर्चीत बसून आपल्यासारख्या रिकामटेकड्या माणसाचा विचार केला होता आणि तो पानाच्या तळाशी लिहून ठेवला होता. एक अष्टमांश म्हणजे महिन्याला दोन पुस्तकांची किंमत. त्यांना साहेबांना मिठी मारावीशी वाटली, पण फ्रेम पडली असती.

"थांबा," साहेब म्हणाले. "खाली आणखी एक ओळ आहे." ही त्याहून बारीक होती. घराबाहेर साधनं वापरताना विमाधारकाखेरीज त्याच घरात राहणारी, कुटुंबातली एक सज्ञान व्यक्ती सतत जवळ हजर असली पाहिजे, आणि तिची सही आजच्या आज अर्जावर हवी.

"मेहुणा चालेल?"

"तुमच्या घरात राहतो?"

"देव करो आणि तसं न होवो," फोकसराव म्हणाले आणि अर्ज घेऊन धावत सुटले.

वाचनालयात बायको परत आलेल्या पुस्तकांची पानं तपासत होती. फोकसरावांनी धापा टाकत सगळं सांगितलं, अर्ज पुढं केला, सहीची जागा बोटानं दाखवली. पण ती वाचनालयातली बाई. न वाचता सही? तिनं पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. घड्याळात साडेबारा झाले. तिनं पान उलटलं. फोकसराव एका पायावरून दुसऱ्या पायावर उभे राहत होते आणि भिंतीवरची पाटी "शांतता राखा" म्हणत होती.

"सतत हजर म्हणजे किती वाजल्यापासून?" तिनं विचारलं.

"बस पहाटे साडेचारला आहे."

तिनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. केस विस्कटलेले, सदरा घामानं चिकटलेला, काखेत अजून ती वर्तमानपत्राएवढी गुंडाळी.  मग सही केली, खाली तारीख घातली आणि म्हणाली, "जा, पळा. पडू नका."

एकला पाच कमी असताना शिक्का बसला. साहेबांनी पॉलिसी हातात दिली आणि उभं राहून हात मिळवला, नाकावर ती गोल फ्रेम तशीच. फोकसरावांनी पेटी मालक परतण्याआधी जागेवर ठेवली. फ्रेम मात्र साहेबांनी सोमवारपर्यंत मागून घेतली होती. सोमवारी मालकांना काय सांगायचं, हा प्रश्न त्यांनी सोमवारवर सोडला. घरी येऊन ते जे झोपले ते बायकोनं जेवायला उठवेपर्यंत.

रविवारी उजाडताना बस तळ्याकाठी थांबली. धुकं पाण्यावर लोळत होतं आणि त्यात करकोचे उभे होते. शेकडो. लांब माना, राखाडी पंख, आणि त्या मोठ्या थव्यातून येणारा एक घोगरा, भरून राहिलेला आवाज. मंडळातले लोक भराभर बूट काढून पाण्यात शिरले आणि पुढं गेले. फोकसराव काठावरच थांबले. पाण्यापासून पंधरा पावलं मागं, कोरड्या दगडावर, दोन्ही हातांनी लेन्स छातीशी धरून.

तिथून करकोचे काडीएवढे दिसत होते. पुढं गेल्याशिवाय फोटो मिळणार नव्हता, हे त्यांना कळत होतं. पण पुढं चिखल होता, पाणी होतं, शेवाळ होतं. नदीत गेलेली जुनी लेन्स त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. पायच उचलेनात. पाच दिवस धावाधाव केली ती काय दगडावर उभं राहायला? त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी मागं वळून पाहिलंच नाही.

"अहो," मागून बायकोचा आवाज आला. "ते निघतील ना. जा की पुढं."

"भिजली बिजली तर?"

"मग विमा कशाला उतरवलाय? शोभेला? पडली तर पडली. जा म्हणते ना!"

ऐकलं ते खरं का, असं वाटून फोकसरावांनी मागं पाहिलं. ती चपला काढून साडी वर खोचत होती. त्यांच्या छातीवरचं आठ महिन्यांचं ओझं असं काही उतरलं की त्यांना हसू आलं, आणि हसता हसताच ते पाण्यात शिरले. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. पाय चिखलात रुतत होते, निसटत होते. करकोचे जवळ आले, आणखी जवळ. एकाचा डोळा दिसायला लागला. फोकसरावांनी श्वास रोखला आणि फोकस जुळवायला घेतला.

तेवढ्यात मागून कुणीतरी सदऱ्याचं मागचं टोक घट्ट मुठीत धरलं. बायकोही गुडघाभर पाण्यात उभी होती.

"अगं, तू कशाला आलीस? काठावर थांबली असतीस तरी चाललं असतं," ते कुजबुजले. "लेन्स मी नीट धरलीये."

"लेन्स कोण धरतंय?" ती म्हणाली. "लेन्सचा विमा उतरवलाय. तुमचा कुठं उतरवलाय?"

फोकसरावांनी बटण दाबलं. करकोचे एकाच वेळी उडाले, तळं पंखांनी भरून गेलं, आणि ते फोटो काढत राहिले. काठावर परत येईपर्यंत तिनं सदरा सोडला नाही.